खरा इंच

ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या नात्यागोत्यात असा एकही कॉम्प्युटर उरलेला नाही, ज्याच्या पडद्याला माझ्या सासऱ्यांनी पट्टी लावलेली नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. लोकांचे सासरे जावयाकडे आले की चपला काढतात, पाणी पितात, आडून आडून पगाराची चौकशी करतात. आमचे सासरे चपला काढता काढताच विचारतात, "मशीन कुठंय?" मग शर्टाच्या खिशात पेनाशेजारी वर्षानुवर्षं मुक्कामाला असलेली सहा इंची स्टीलची पट्टी बाहेर येते, चष्मा कपाळावर चढतो. लिहिण्याचा प्रोग्राम उघडून, त्याच्या वरच्या कडेला जी मोजपट्टी दिसते तिच्यावर ते आपली पट्टी टेकवतात आणि पडद्यावरचा इंच खरोखर किती भरतो ते बघतात. निकाल चांगला लागला तर लगेच चहा. वाईट लागला तर दुरुस्ती आलीच, आणि दुरुस्ती संपेपर्यंत चहावर साय धरलेली असते.

सगळी हयात त्यांनी कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. पाइप, टाक्या, शेड, जिने, सगळं कागदावर काढायचं, तेही हाताने. त्या नोकरीने त्यांना पेन्शन थोडीच दिली, पण एक तत्त्व दिलं आणि त्यावर ते आजतागायत जगतायत. ते म्हणतात, "शंभर फुटी शेड हातभर कागदावर मावत नाही, लहान करावीच लागते. पण उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात लिहायचं, किती पट लहान केली ते. लिहिलं की ते खोटं राहत नाही." हे तत्त्व कारखान्याच्या फाटकापाशी सोडून यायला हवं होतं, तर यांनी ते घरी आणलं. डोंबिवलीशेजारी कोपरला त्यांच्या घरी हॉलमध्ये त्यांचा आणि सासूबाईंचा लग्नातला फोटो आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक शिसपेन्सिलीने '१ : १२' असं लिहिलंय. सासूबाईंच्या उंचीवरून हिशेब काढून लिहिलेलं. सासूबाई म्हणतात, लग्नानंतर पहिल्या आठवड्यात हे माझी उंची मोजायला पट्टी घेऊन उभे राहिले तेव्हाच मी काय ते ओळखलं.

माझी आणि त्यांची पहिली भेट आमच्या ठाण्याच्या घरी झाली. कोपरला कांदेपोहे होऊन गेलेले, मुलगी मला आणि मी मुलीला पसंत, आता मुलाचं घर बघायला मंडळी आलेली. आईने भिंतीवरची जळमटंसुद्धा काढलेली. बोलणी रंगात आली असताना या गृहस्थांची नजर कोपऱ्यातल्या माझ्या नव्या मॉनिटरवर गेली. नम्रपणे परवानगी मागून ते उठले, खिशातून पट्टी काढली, बराच वेळ वाकून काहीतरी पाहिलं आणि सगळ्यांकडे वळून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडचा इंच पाऊणच भरतो." माझ्या आईला वाटलं, घर लहान आहे असं सुचवतायत. वडिलांना वाटलं, देण्याघेण्याचं काहीतरी काढतायत. मला मात्र काय झालं कोण जाणे, मी पटकन विचारलं, मग किती ठेवू? त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. पुढे बायकोने सांगितलं की परतताना रिक्षात ते एवढंच बोलले होते, मुलगा विचारून घेणारा आहे. तर माझं लग्न हे असं जमलं.

लग्नाच्या पत्रिकेवरही त्यांनी आपला ठसा उमटवलाच. छापणाऱ्याने कल्याणच्या हॉलचा नेहमीसारखा नकाशा टाकलेला: स्टेशन, एक वाकडी रेघ, पंप, देऊळ आणि ठळक चौकोनात हॉल. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की नकाशा मापात नाही. हे वाचून सासरे रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांनी स्वतः नकाशा काढायला घेतला. मापात. एकेक गल्ली चालत जाऊन. नकाशा इतका अचूक झाला की त्यात आमचा हॉल मोहरीच्या दाण्याएवढा आला आणि त्याचं नाव लिहायला जागाच उरली नाही. माझ्या आत्याच्या घरची झाडून सगळी मंडळी शेजारच्या हॉलमधल्या लग्नात अक्षता टाकून, जेवून, आहेर देऊन मग आमच्याकडे आली. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, नकाशा बरोबर होता, लोकांनी नीट पाहिला नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्या हाती कॉम्प्युटर लागला आणि त्यांच्या तत्त्वाला नवं कुरुक्षेत्र मिळालं. मला त्यांनी समजावलं ते असं. पूर्वीच्या पडद्यावर इंचात शंभरेक ठिपके असायचे. आता पडदे इतके बारीक विणीचे झालेत की त्याच इंचात दीडशे, पावणेदोनशे ठिपके बसतात. ठिपके मोजून अक्षर काढलं तर ते मुंगीएवढं दिसतं. म्हणून सिस्टीम सगळं सव्वापट, दीडपट, दुप्पट फुगवून दाखवते, आणि या फुगवण्याला ही मंडळी स्केल म्हणतात. इथवर सासऱ्यांची ना नव्हती. पण सेटिंगमध्ये जिथे 'शंभर टक्के' लिहिलंय तिथे पट्टी लावली तर नव्या मॉनिटरवरचा इंच जेमतेम अर्ध्याच्या वर भरतो, हे कळलं तेव्हा त्यांनी जेवण अर्धवट सोडलं. शंभर टक्के म्हणायचं आणि साठच द्यायचे? किराणावालासुद्धा इतका धीट नसतो, असं ते दोन दिवस घरभर सांगत होते.

मग त्यांनी साऱ्या सिस्टीमचा अभ्यास केला. आमच्यात नावं घ्यायची पद्धत नाही. चिन्हावरून म्हणायचं खिडक्यांवाली, सफरचंदवाली आणि पेंग्विनवाली, अशा तिघी. जणू तीन सुना पारखाव्यात तसं त्यांचं मत ठरलेलं आहे. खिडक्यांवाली आकडा सरळ सांगते, लपवाछपवी नाही, पण घरात तिचं सगळे ऐकत नाहीत. नवे प्रोग्राम मोठे होतात, जुने तसेच मुंगीएवढे राहतात, आणि काही नुसते ताणल्यासारखे पुसट दिसतात. सफरचंदवाली गोड बोलते, दिसायला नीटनेटकी, पण आकडा म्हणून सांगायची नाही. नुसतं 'मोठं अक्षर' आणि 'जास्त जागा' यांच्या मधे बोट ठेवा म्हणते. आधी सगळं दुप्पट काढायचं आणि मग आवळून बसवायचं हा तिचा खाक्या त्यांना उधळपट्टी वाटतो. पेंग्विनवाली पूर्णांकात सोन्यासारखी, एकपट नाहीतर दुप्पट. मधलं काही मागितलं की म्हणते करून बघते, पण जबाबदारी तुमची. कोपर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला त्यांनी हे एकदा भर गर्दीत समजावून सांगितलं. तेव्हापासून ते दिसले की तो आपण होऊन त्यांचं काम पहिलं करून देतो.

आता सासूबाईंकडे येतो, कारण ही गोष्ट खरं तर त्यांची आहे. डोंबिवलीच्या एका शाळेत त्या लहान मुलांना मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी गळ्याला सवय लागलेली, रोज कुणालातरी काहीतरी वाचून दाखवल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. त्यातून व्हिडिओ कॉलवर त्यांचा 'वाचनाचा तास' सुरू झाला. संध्याकाळी दिवेलागणीनंतर आसपासचे दहापंधरा म्हातारे-म्हाताऱ्या आपापल्या घरून मोबाइल लावून बसतात आणि सासूबाई त्यांना पुस्तक वाचून दाखवतात. कुणाला दिसत नाही, कुणाशी घरात कुणी बोलत नाही, कुणाला नुसतीच सवय झालीय. त्यात दिवा गावचे, म्हणजे दिव्याचे, एक आजोबा आहेत. मधेच त्यांच्या चाळीत नळाला पाणी येतं, मग ते हात वर करून थांबा म्हणतात, आणि त्यांचे हंडे भरून होईस्तोवर कादंबरीतली माणसं आहेत तिथे थांबतात. यावर कुणीही कधी कुरकुर केलेली नाही. पाणी हे पाणी आहे.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंची नजर बिघडायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं आहे, कडेचं दिसेल, मधलं धूसर होत जाईल. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत यायचं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी डोळ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, दिवाळीनंतर वाचनाचा तास बंद करीन म्हणते, पुस्तकातलं अक्षर लागत नाही आता. दुसऱ्या दिवशी मला सासऱ्यांचा फोन आला, त्यांना मॉनिटर घ्यायचा होता, सगळ्यात बारीक विणीचा, सत्तावीस इंची. आयुष्यात स्वतःसाठी त्यांनी इतकी महाग वस्तू घेतली नव्हती. पुस्तकं कॉम्प्युटरवर येतात, कॉम्प्युटरवर तू वाच, असं त्यांनी सासूबाईंना ठणकावून सांगितलं. तास बंद होणार नाही.

मॉनिटर आला. सासऱ्यांनी दोन दिवस दार लावून घेतलं. बाहेर आले ते विजयी मुद्रेने. शंभर नाही, दीडशे नाही, त्यांनी आकडा हाताने टाकला होता, एकशे सत्तर. इंच बरोबर इंच भरत होता, केसाचा फरक नाही. खात्री पटवायला त्यांनी सासूबाईंची चालू कादंबरी पडद्याला चिकटवून धरली. पुस्तकातला 'क' आणि पडद्यावरचा 'क' तंतोतंत एका मापाचे. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, छान दिसतंय हो. त्या दिवशी पुऱ्या केल्या होत्या आणि सासऱ्यांनी चार जास्त खाल्ल्या.

वाचनाचा तास चालू राहिला. फरक इतकाच पडला की कादंबरी मधेच राहिली. कुणा खेड्यातल्या मुलीची गोष्ट होती, नर्स व्हायचं म्हणून घरातून निघालेली. ती ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर येते, शेवटची गाडी येणार की नाही कुणाला ठाऊक नाही, आणि तिथे सासूबाईंनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मुंगी आणि साखरेचा धडा, आंब्याच्या कोयीचा धडा, असे दुसरी-तिसरीचे जुने धडे वाचायला लागल्या. म्हाताऱ्यांना तेही आवडायचं. काहीजण तर कवितांना ताल धरायचे. फक्त दिव्याचे आजोबा दर दोनचार दिवसांनी विचारायचे, "बाई, ती पोरगी अजून स्टँडवरच उभी हाय का?" सासूबाई हसून म्हणायच्या, गाडी लेट आहे. गाडी लेट आहे हे उत्तर आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला पटतं, त्यामुळे महिनाभर कुणी पुढे विचारलं नाही.

एका रविवारी आम्ही कोपरला गेलेलो. बायको आत भाजी निवडत होती, मी हॉलमध्ये लोळत होतो. तास सुरू होता, सासूबाई पडद्यासमोर ताठ बसून आंब्याच्या कोयीचा धडा वाचत होत्या, अगदी आवाज चढवून-उतरवून, वर्गात वाचायच्या तसा. सासरे दुपारची झोप दिवेलागण उलटेपर्यंत लांबवून उठले, हॉलमध्ये आले आणि पडद्याकडे बघून जागीच थबकले. रात्री मशीनने आपल्या मनाने काहीतरी अपडेट करून घेतलं होतं आणि त्या भानगडीत त्यांचा एकशे सत्तरचा आकडा उडून पुन्हा शंभर झाला होता. अक्षरं मुंगीएवढी. ते थांब म्हणायला पुढे झाले, हातही वर झाला होता. आणि त्यांच्या लक्षात आलं की सासूबाई थांबलेल्याच नाहीत. धडा धडधडीत चालू आहे. आणि पडद्यावर तो धडा नव्हताच. पडद्यावर कादंबरीचं पान होतं, मुलगी स्टँडवर उभी होती ते.

त्यांनी वर केलेला हात हळूच खाली घेतला. कोय रुजली, झाड झालं, मुलांनी आंबे खाल्ले, म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना नमस्कार करून सासूबाईंनी कॉल बंद केला, तोवर ते तिथेच उभे होते. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

सासूबाई दचकल्या, वळल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून. तुम्ही एवढं मापून दिलंत. दिसत नाही असं कुठल्या तोंडाने सांगू?"

सासरे खुर्चीत बसले. मग जे बोलले ते आमच्याशी नव्हतंच. "पुस्तकाएवढं अक्षर करून दिलं मी तुला. आणि पुस्तक दिसत नाही म्हणून तर हे आणलं होतं."

खरं सांगतो, मला त्या वेळी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं त्या पट्टीवरून त्यांची मी यथेच्छ टिंगल केली होती, पण त्या दिवशी त्यांनी ती खिशातून काढून टीव्हीखालच्या खणात टाकली तेव्हा माझ्याच्याने बघवेना. आठवड्याने ते आमच्याकडे ठाण्याला आले. चपला काढल्या, पाणी प्यायले, सोफ्यावर बसले आणि मुकाट्याने चहा घेतला. गरम असताना. बायकोने मला आत बोलावून घाबऱ्या आवाजात विचारलं, बाबांना बरं नाहीये का? मशीन कुठंय हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मी मुद्दाम मॉनिटरचं स्केल बिघडवून ठेवलं, तरी ढुंकून पाहिलं नाही. जाताना दारात मात्र म्हणाले, तिचा तास बंद पडला तर तिचं काय होईल हो? दिवसभर तेवढ्यासाठी ती थांबलेली असते. मी काहीतरी धीर दिला. तो त्यांना मिळाला की नाही, कोण जाणे.

पुढच्या शनिवारी फोन. "जावईबापू, तुमचं सफरचंद घेऊन या." मी लॅपटॉप घेऊन गेलो तर हॉलमध्ये तिन्ही सिस्टीम मांडलेल्या, समोर खुर्ची आणि खुर्चीत सासूबाई. पट्टीचा पत्ता नाही. डोळ्यांचे डॉक्टर भिंग बदलत जातात तसे सासरे आकडा बदलत होते. दोनशे. दिसतंय? सासूबाई म्हणाल्या, दिसतंय. सासरे म्हणाले, "माझ्यासाठी नको सांगूस. वाच." तिथेही त्यांनी हुशारी केलेली. सासूबाईंना धडे पाठ, कविता पाठ, म्हणून वाचायला कारखान्यातल्या बॉयलरच्या देखभालीची माहितीपुस्तिका लावली होती. दोनशेला सासूबाईंनी बॉयलरऐवजी भलतंच काहीतरी वाचलं. अडीचशेला अडखळल्या. तीनशेला त्यांनी झडप किती दिवसांनी साफ करावी याचा सगळा परिच्छेद न थांबता वाचून काढला, आणि आम्ही दोघं बॉयलरच्या झडपेसाठी असे आनंदलो की बायको आतून धावत आली.

पण तीनशेला नव्या अडचणी. नुसतं पुस्तकातलं अक्षर मोठं करणं सोपं होतं, ते मीच सुचवलं होतं; पण मग मेनू, बटणं, फाइलींची नावं बारीकच राहतात आणि सासूबाईंना पुस्तक उघडायलाही सासऱ्यांना हाक मारावी लागते. ते सासूबाईंना नको होतं. माझं पुस्तक मी माझ्या हाताने उघडीन, नाहीतर राहू दे, असं त्यांनी साफ सांगितलं. म्हणजे सगळंच मोठं हवं. आणि सगळं तिप्पट केलं की खिडक्या पडद्याच्या बाहेर सांडतात. पुस्तक आणि माणसं दोन्ही एका पडद्यावर मावेनात. पहिल्या चाचणीत कॉलचा आवाज बंद करायचं बटण पडद्याखाली गडप झालं, आणि कुकरच्या शिट्ट्या व बोंबलांत चिंच किती घालावी यावरचं नवराबायकोचं सविस्तर मतभेद-प्रकरण मोहन्यापासून ठाण्यापर्यंत सर्वांनी ऐकलं. दिव्याच्या आजोबांनी सासूबाईंची बाजू घेतली. शेवटी पुस्तक मॉनिटरवर आणि माणसं आमच्या जुन्या टॅबवर अशी वाटणी झाली. सुनांमध्ये अखेर खिडक्यांवालीच ठरली. सासरे म्हणाले, आकडा सांगते, आणि मागाल तेवढा वर नेते. घरातल्या इतरांना मी वळण लावीन. एक जुना प्रोग्राम काढून टाकला, दुसऱ्याला समज दिली, अपडेट झालं की सकाळी उठून आधी आकडा तपासायचा हा नेम धरला.

आणि एका संध्याकाळी सासूबाईंनी कादंबरी पुन्हा उघडली. स्वतःच्या हाताने. तीनशेला पडद्यावर थोड्याच ओळी मावतात, त्यामुळे पान सारखं सरकवावं लागतं. माउसचं चाक फिरवायचं काम सासऱ्यांनी मागून घेतलं होतं, पण ते समान अंतराने फिरवायचे, वाक्य संपलंय की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दोन मिनिटांत सासूबाईंनी त्यांचा हात बाजूला केला, पाणी आणायला पाठवलं आणि चाक आपल्याकडे घेतलं. मग त्या वाचायला लागल्या. सुरुवातीला सावकाश, एखाद्या शब्दाशी अडून. नंतर आवाजाला वाट सापडली. दूर वळणावर दिवे दिसले, धूळ उडाली, ती मुलगी ट्रंक उचलून पुढे झाली आणि कंडक्टरने दार उघडलं. टॅबवर दिव्याच्या आजोबांनी हात वर केला. आम्हाला वाटलं, पाणी आलं. तर ते नुसते डोळे पुसत म्हणाले, "आली एकदाची गाडी." सासरे पाण्याचा पेला घेऊन दारातच उभे होते. पाणी प्यायलं कुणीच नाही.

पट्टी परत खिशात आली, हे सांगायला नको. पुढच्या वेळी आमच्याकडे आले ते चपलाही न काढता मॉनिटरकडे गेले आणि मी बिघडवून ठेवलेलं स्केल बघून मला चांगलं झापलं. बायकोला इतका आनंद झाला की तिने चहा दोनदा केला. आता कुणाच्याही घरी आधी एक प्रश्न जास्तीचा विचारतात, इथे बसतं कोण? मग त्या माणसाला बसवतात, वाचायला लावतात, आणि पट्टी त्यानंतर काढतात. माझ्या आत्याकडेही जाऊन तिच्या कॉम्प्युटरवरचं अक्षर मोठं करून आले. आत्या म्हणाली, हे लग्नाच्या पत्रिकेच्या वेळी सुचलं असतं तर माझा आहेर वाचला असता.

परवा कोपरला गेलेलो तेव्हा सासूबाईंच्या मॉनिटरच्या चौकटीवर, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ड्राफ्ट्समनच्या त्या सरळ उभ्या अक्षरात लिहिलेलं: 'स्केल : हिच्या डोळ्यांप्रमाणे.' मी म्हटलं, आकडा नाही लिहिलात? मला बाहेर गॅलरीत नेऊन हळू आवाजात म्हणाले, आकडा बदलत राहणार. गेल्या महिन्यात तीनशेला अडखळायला लागली, आता साडेतीनशे केलंय. हॉलमधून वाचनाचा आवाज येत होता. कादंबरीतली मुलगी नर्स होऊन पहिल्या रात्रपाळीला उभी राहिली होती आणि दिव्याचे आजोबा तिला मधेमधे सूचना करत होते. सासऱ्यांनी खिशातली पट्टी काढली, अंगठ्याने पुसली, परत ठेवली.

"पाचशेपर्यंत जातं हे," ते म्हणाले. "अजून पुष्कळ जागा आहे."